लक्सआरमध्ये बदल सापडला, म्हणजे अंधाराचं कारण सापडलं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या कोळंबी तळ्याच्या पाण्यातून तुम्ही चमकणारा व्हिब्रिओ जंतू वेगळा केलात आणि जंतू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकावरून तो व्हिब्रिओ हार्वेई ठरवलात. सात-आठ वेळा नव्या प्लेटवर उतरवल्यावर काही कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले जंतूंचे ठिपके) अंधाऱ्या निघाल्या. अशा एका कॉलनीचं लक्सआर जनुक (उजेडाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाचं) वाचून घेऊन डेटाबेसमधल्या क्रमाशी जुळवलंत, तेव्हा प्रथिनाच्या पुढच्या भागात, पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास, एक अमिनो आम्ल बदललेलं दिसलं. उजळ जातीच्या संवर्धनाचं गाळलेलं पाणी (त्यात पेशींनी सोडलेले संदेश-रेणू असतात) घालूनही उजेड परतला नाही. तेव्हा ‘संदेश धरणारा खिसा बिघडला’ असं प्रबंधात लिहायचं का? आणि तळेवाले म्हणतात तशी ही अंधारी जात कोळंबीला निरुपद्रवी मानायची का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं ‘या स्वरूपात मुळीच नाही’. खरी अडचण उत्परिवर्तन शोधण्याची नाही, ते तुम्ही शोधलंय. ते नेमकं काय बिघडवतं आणि अंधाराला तेच जबाबदार आहे का, ही अडचण आहे. नियामक प्रथिनात बदल अनेक प्रकारे नडतो. प्रत्येक प्रकाराची खूण वेगळी आणि तपासही वेगळा.

आधी नावाचा घोळ सोडवू, कारण तुमचा निष्कर्ष त्यावरच उभा आहे. ‘लक्सआर’ नावाची दोन प्रथिनं आहेत आणि त्यांचं कूळ एक नाही. पहिलं व्हिब्रिओ फिशेरीचं, म्हणजे आजच्या नावाने आलिव्हिब्रिओ फिशेरीचं. त्याची लक्स जनुकं १९८३ मध्ये वेगळी केली गेली. हे प्रथिन २५० अमिनो आम्लांचं आहे. त्याचा पुढचा भाग पेशीबाहेरून आलेला एएचएल हा संदेश-रेणू धरतो आणि मागचा भाग डीएनए धरतो. पाठ्यपुस्तकात क्वोरम सेन्सिंगची, म्हणजे संदेश-रेणूंवरून गर्दी ओळखण्याच्या जंतूंच्या पद्धतीची, जी आकृती असते ती याचीच. दुसरं लक्सआर व्हिब्रिओ हार्वेईचं, १९९० मध्ये वर्णन झालेलं. उजेडाच्या जनुकांना चालना देतं म्हणून त्यालाही तेच नाव मिळालं, पण ते टेटआर या डीएनएवर बसणाऱ्या नियामक प्रथिनांच्या घराण्यातलं आहे. लांबी दोनशेच्या थोडी वर, आणि रचना बरोबर उलटी: पुढचा भाग डीएनए धरतो, मागचा भाग जोडी बांधतो. कॉलऱ्याच्या जंतूतलं हॅपआर, व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकसमधलं ओपाआर, व्हिब्रिओ व्हल्निफिकसमधलं एसएमसीआर ही याची खरी भावंडं. हॅपआरची स्फटिक रचना २००७ पासून उपलब्ध आहे. तुमच्या बदलाची जागा त्यावर टेकवून बघा.

म्हणजे तुमच्या जंतूत पन्नाशीतली जागा संदेशाच्या खिशाची नाहीच. तो डीएनए ओळखणाऱ्या हेलिक्सचा परिसर आहे. टेटआर घराण्यातल्या या प्रथिनांच्या मागच्या भागात एक पोकळी असते, आणि काही कृत्रिम रेणू तिच्यात बसून प्रथिनाचं काम बंद पाडतात. पण पेशी बाहेर सोडते तो संदेश-रेणू तिथे येऊन बसत नाही. तो लक्सआरपर्यंत पोचतच नाही.

मग पोचतं काय? ग्रामसभेच्या गणपूर्तीचं उदाहरण इथे चपखल बसतं. सभासद मोजणारा वेगळा, मोजणी वर कळवणारा वेगळा आणि ठरावावर सही करणारा वेगळा. हार्वेईत मोजणारे तीन आहेत: लक्सएन, लक्सपी-लक्सक्यू ही जोडी आणि सीक्यूएसएस. तिघे तीन वेगळे संदेश-रेणू ओळखतात. जंतू विरळ असताना हे तिघे फॉस्फेट पुढे ढकलतात. ते लक्सयूमार्फत लक्सओवर येतं. फॉस्फेट बसलेलं लक्सओ क्यूआरआर नावाचे लहान आरएनए बनवायला लावतं, आणि ते एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीने लक्सआरचा संदेश-आरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) दाबून ठेवतात. गर्दी झाली की फॉस्फेट उलटं ओढलं जातं, लहान आरएनए थांबतात, लक्सआर तयार होतं आणि लक्ससीडीएबीई ही उजेडाची जनुकं सुरू होतात. सही करणारा तो लक्सआर. सभेला किती माणसं आली हे तो स्वतः बघत नाही.

आता गाळलेल्या पाण्याचा प्रयोग. तो फुकट गेलेला नाही, पण त्यातून निघतं ते एवढंच: फक्त संदेश तयार करण्यात खोट असती तर उजेड परतला असता; तो परतला नाही, म्हणजे खोट बहुधा पुढे कुठेतरी आहे. तेही तुमचं गाळलेलं पाणी कामाचं होतं तरच. ते दाखवायला त्याच दिवशी उजळ जातीचं ताजं, खूप विरळ केलेलं संवर्धन घ्या, त्यात १० टक्के गाळलेलं पाणी घाला आणि उजेड लवकर चढतो का बघा. चढला नाही, तर पाणीच निकामी. याचं नेहमीचं कारण पीएच. एएचएलमधलं लॅक्टोन कडं अल्कधर्मी पाण्यात उघडतं आणि रेणू निरुपयोगी होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच मुळात ८.१ च्या आसपास असतो, आणि पेप्टोन खाऊन वाढणारं संवर्धन तो आणखी वर नेतं. रात्रभर शेकरवर राहिलेल्या फ्लास्कमधून सकाळी पाणी गाळलंत, तर त्यातला एएचएल बराच गेलेला असू शकतो. माध्यमात बफर ठेवा, पीएच ७ ते ७.५ च्या आत धरा आणि पाणी वाढीच्या उत्तरार्धात, पण संवर्धन जुनं होण्याआधी गाळा.

दुसरी गोष्ट: तीन संदेश समांतर चालत असल्यामुळे एखादा बंद पडला तर उजेड कमी होतो, पण कॉलनी सहसा ठार अंधारी होत नाही. तुमची कॉलनी खरंच ठार अंधारी असेल, तर संशय तीन ठिकाणी जातो: लक्सआर स्वतः, दाबून ठेवण्याच्या स्थितीत अडकलेलं लक्सओ, किंवा उजेडाची जनुकंच.

लक्सओबद्दल थोडं सांगतो, कारण ते वाचायचं बरेचदा राहून जातं. त्याच्या ४७ व्या जागी अ‍ॅस्पार्टेट असतं आणि फॉस्फेट तिथेच बसतं. त्या जागी ग्लुटामेट आलं, तर प्रथिन कायम फॉस्फेट बसल्यासारखं वागतं: लहान आरएनए थांबत नाहीत, लक्सआर दाबलेलं राहतं, कॉलनी अंधारी. त्याच जागी अ‍ॅलॅनिन आलं तर फॉस्फेट बसायला जागाच उरत नाही आणि जंतू विरळ असतानाही चमकत राहतो. एकाच जागेवरचे दोन बदल आणि परिणाम दोन टोकांचे. म्हणून ‘उत्परिवर्तन म्हणजे काम बंद’ हे गृहीत कधीही धरू नका.

आता तुमच्या निष्कर्षातली सगळ्यात कच्ची जागा. तुम्ही अंधाऱ्या कॉलनीचा क्रम डेटाबेसशी जुळवलात. स्वतःच्या उजळ मूळ जातीशी नाही. हार्वेई आणि व्हिब्रिओ कॅम्पबेली या दोन प्रजाती इतक्या जवळच्या आहेत की १६एस त्यांना नीट वेगळं करत नाही. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं हार्वेई म्हणून वापरलेली बीबी१२० ही प्रसिद्ध जात २०१० मध्ये कॅम्पबेली ठरली. तुमच्या खाडीतल्या जातीत आणि डेटाबेसमधल्या जातीत अमिनो आम्लांचे फरक असणारच. तो बदल उजळ मूळ कॉलनीतही असेल, तर अंधाराशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून पहिलं काम हे: मूळ उजळ जात आणि अंधारी जात, दोन्हींचं लक्सआर एकाच वेळी वाचून घ्या. सुरुवात जनुकाच्या पहिल्या अक्षरापासून नको, निदान ३०० ते ४०० अक्षरं आधीपासून करा. लहान आरएनए संदेश-आरएनएच्या त्या पुढच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागावरच बसतात. तिथला बदल प्रथिन जसंच्या तसं ठेवून त्याचं प्रमाण बदलतो. सोबत लक्सओ वाचा. पैसे असतील तर दोन्ही जातींचा पूर्ण जीनोमच वाचून घ्या. सात-आठ वेळा प्लेट बदलताना एकाहून जास्त बदल साठू शकतात आणि ज्याकडे तुम्ही बघताय तो निव्वळ प्रवासी असू शकतो. प्रजातीची ओळख पक्की करायला टॉक्सआर किंवा आरपीओए जनुकाचा आधार घ्या.

समजा बदल खरोखर फक्त अंधाऱ्या जातीत आहे. मग तो काय करू शकतो?

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे प्रथिनच न बनणं: मध्येच थांब्याचा संकेत येणं किंवा एखादं अक्षर गळून जनुक वाचण्याची तीन-तीन अक्षरांची चौकट सरकणं. कॉलऱ्याच्या जंतूची एन१६९६१ ही बहुचर्चित जात अशीच आहे. तिच्या हॅपआरची चौकट सरकलेली आहे, त्यामुळे तिच्यावर केलेल्या क्वोरम सेन्सिंगच्या प्रयोगांचा अर्थ फार जपून लावावा लागतो. तुमचा बदल या प्रकारचा नाही.

दुसरा प्रकार घडी बिघडण्याचा. प्रथिनाच्या गाभ्यात पाण्यापासून लपलेली अमिनो आम्लं असतात. त्यांच्यातलं एक बदललं की घडी सैल पडते आणि पेशीतली प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) तिचा फडशा पाडतात. असे बदल पुष्कळदा तापमानावर अवलंबून असतात: २५ अंशांना प्रथिन उभं राहतं, ३३ ला कोसळतं. कोकणात हे विसरून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीतलं तापमान सहज ३२-३३ वर जातं, आणि वीज गेली की इन्क्युबेटर ३० वर लावलेला असला तरी आत खोलीचंच तापमान असतं. अंधारी कॉलनी २२ ते २५ आणि ३० अशा दोन तापमानांना वाढवून बघा. थंडाव्यात उजेड परतला, तर घडीच्या बिघाडाचा फार मोठा पुरावा एका प्लेटवर मिळाला.

तिसरा प्रकार डीएनए धरण्याच्या जागेचा, आणि तुमचा बदल इथे पडण्याची शक्यता जास्त. इथे ‘धरतो किंवा धरत नाही’ असा हिशोब नसतो. लक्सआर जीनोमवर अनेक ठिकाणी बसतं. काही जागा त्याला घट्ट धरतात, काही सैल. पकड थोडी कमी झाली की आधी सैल जागा सुटतात आणि घट्ट जागा चालू राहतात. म्हणून असा जंतू उजेडात बिघडलेला आणि लक्सआरच्याच हाताखालच्या प्रोटिएजमध्ये शाबूत, किंवा उलटा दिसू शकतो. फक्त उजेड मोजून ‘लक्सआर निकामी’ म्हणणं यामुळे धोक्याचं ठरतं. निदान दोन लक्षणं तरी मोजा; उजेडाच्या जोडीला प्रोटिएज सोपं पडतं. मीठ घातलेल्या स्किम मिल्क अगारवर दोन्ही जातींचे ठिपके शेजारी शेजारी ठेवा आणि भोवतालच्या पारदर्शक कड्याची रुंदी मोजा.

चौथा प्रकार लोकांना आश्चर्यात टाकतो. प्रथिन बनतं, डीएनएवर नीट बसतं, तरीही जनुक चालू होत नाही. कारण आरएनए पॉलिमरेजशी हातमिळवणी करणारा पृष्ठभाग बिघडलेला असतो. हार्वेईच्या लक्सआरमध्ये १३९ वं ल्यूसिन आणि १४२ वं अ‍ॅस्पॅराजिन यासाठी महत्त्वाची आहेत. असा बदल झाला, तर जी जनुकं लक्सआर नुसतं डीएनएवर बसून दाबतं ती दाबलेलीच राहतात, आणि जी जागी करायची ती जागी होत नाहीत.

पाचवा प्रकार जोडीचा. त्यावर जरा थांबतो, कारण त्यातला सापळा तुमच्या पुढच्या प्रयोगातच आहे. टेटआर घराण्यातली प्रथिनं दोन-दोनच्या जोडीने काम करतात. बदलामुळे डीएनएवरची पकड गेली, पण जोडी बांधायची ताकद शाबूत राहिली, तर बिघडलेलं प्रथिन चांगल्या प्रथिनाला स्वतःशी बांधून निकामी करतं. हिशोब करून बघा. पेशीत चांगलं आणि बिघडलेलं प्रथिन निम्मं-निम्मं असेल, तर दोन्ही बाजू चांगल्या असलेल्या जोड्या फक्त एक चतुर्थांश. एका चांगल्यामागे तीन बिघडलेली असतील, तर सोळातली एक. तुम्ही अंधाऱ्या जातीत प्लाझमिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यावर) चांगलं लक्सआर घालाल आणि उजेड अर्धवटच परतेल किंवा परतणारच नाही. मग ‘म्हणजे कारण लक्सआर नव्हतं’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. त्यात भर म्हणजे लक्सआर स्वतःचंच जनुक दाबून ठेवतं. ते निकामी झालं की दाब सुटतो आणि बिघडलेलं प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनतं. याच कारणाने क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीत) अंधाऱ्या जातीत लक्सआरचा संदेश-आरएनए वाढलेला दिसला तर गोंधळून जाऊ नका. जनुक जोरात वाचलं जातंय याचा अर्थ प्रथिन काम करतंय असा होत नाही.

फिशेरी प्रकारच्या लक्सआरमधले खिशातले बदल हा सहावा प्रकार. तो तुम्हाला लागू नाही, पण प्रबंधात तुलना करावी लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे एक ट्रिप्टोफॅन आणि एक अ‍ॅस्पार्टेट एएचएलला हायड्रोजन बंधांनी धरतात. फिशेरीत त्यांचे क्रमांक ६६ आणि ७९, स्यूडोमोनास जंतूतलं याच घराण्याचं प्रथिन लासआर, त्यात ६० आणि ७३. ती बदलली की प्रथिन संदेशाला बहिरं होतं. या घराण्यातल्या काही प्रथिनांची, उदाहरणार्थ अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या ट्राआरची, घडीच संदेश-रेणूभोवती पडते. रेणू नसेल तर प्रथिन टिकत नाही. उलट फिशेरीच्या लक्सआरचा पुढचा सुमारे १६० अमिनो आम्लांचा भाग कापून टाकला, तर उरलेला तुकडा संदेशाशिवायच जनुक चालू ठेवतो. अवरोध करणारा भागच गेलेला असतो.

आता तपासाचा क्रम. स्वस्त आणि सोपं आधी.

उजेड खरोखर शून्य आहे का हे नीट बघा. खोली पूर्ण काळी करा, दाराखालच्या फटीलाही कापड लावा, आणि डोळे सरावायला पूर्ण १० मिनिटं द्या. ताज्या, १२ ते १८ तासांच्या कॉलन्या बघा. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारी मंद चमक मोबाइल स्टँडवर ठेवून ३० सेकंदांच्या एक्स्पोजरने दिसते. उजेडाला ऑक्सिजन लागतो, म्हणून द्रव संवर्धन असेल तर १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये २० पेक्षा जास्त भरू नका आणि बघण्याआधी हलवा. माध्यमात ग्लुकोज असेल तर ते काढा. ते उजेड दाबतं. साधं माध्यम पुरे: लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम मीठ.

मग डेकॅनाल, म्हणजे उजेडाला लागणारा अल्डिहाइड बाहेरून द्यायचा. प्लेटच्या झाकणाला आतून गाळण कागदाचा तुकडा लावून त्यावर एक-दोन मायक्रोलिटर डेकॅनाल सोडा आणि अंधारात बघा. काही क्षणांत कॉलनी चमकली, तर ल्युसिफेरेज (उजेड काढणारं एन्झाइम) आहे आणि खोट त्याला लागणारा अल्डिहाइड बनवणाऱ्या जनुकांत आहे. तुमचं लक्सआर निर्दोष. चमकली नाही, तर लक्सआर-लक्सओवरचा संशय टिकून राहतो, पण ल्युसिफेरेजची जनुकं अजून सुटलेली नाहीत.

त्यानंतर घनतेचा आलेख. रात्रभरचं संवर्धन ५००० पट विरळ करा, दर ३०-४० मिनिटांनी नमुना घेऊन उजेड आणि ६०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजा, आणि उजेड भागिले गढूळपणा असा आकडा गढूळपणासमोर मांडा. निरोगी जातीत रेषा आधी खाली उतरते, कारण जुनं ल्युसिफेरेज नव्या पेशींत वाटलं जातं. मग गणपूर्ती झाली की झपकन वर चढते. लक्सआर पूर्ण गेलं असेल तर ती उतरून तिथेच राहते. पकड नुसती कमी झाली असेल तर चढते, पण उशिरा आणि कमी उंचीवर. हा आलेख प्लेटवरच्या ‘उजळ-अंधारी’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. तो तीन वेळा, दर वेळी वेगळ्या कॉलनीपासून काढा.

प्रथिन आहे का, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) बघावं लागेल. लक्सआरचं प्रतिपिंड मिळत नसेल तर मागच्या टोकाला फ्लॅगची शेपटी (तयार प्रतिपिंड ओळखतं असा छोटा तुकडा) जोडा, पुढच्या टोकाला नको; पुढचं टोक डीएनए धरणाऱ्या भागाशी लागून आहे. शेपटीमुळे काम बिघडलेलं नाही, हे आधी चांगल्या प्रथिनावर दाखवा. या एका तपासाने ‘प्रथिन टिकत नाही’ आणि ‘टिकतं पण काम करत नाही’ या दोन शक्यता वेगळ्या होतात. तो टाळून पुढे जाऊ नका.

सोय कमी असेल तर ई. कोलायमधली जोडणी चांगली: एका प्लाझमिडवर अ‍ॅरॅबिनोजने चालू होणारं चांगलं किंवा बदललेलं लक्सआर, दुसऱ्यावर लक्ससीचा प्रमोटर (जनुक चालू करण्याची जागा) आणि त्यापुढे हिरवं चमकणारं जीएफपी. ३० अंशांना वाढवा, ३७ ला नको. इथली नेहमीची चूक म्हणजे अ‍ॅरॅबिनोज भरमसाट घालणं. प्रथिनाचा महापूर आला की पकड दहापट कमी असलेलं प्रथिनही निरोगी भासतं. ०.००२ पासून ०.२ टक्क्यांपर्यंत चार-पाच पायऱ्या घ्या आणि दोन्ही प्रथिनांच्या रेषा एकाच आलेखावर मांडा. फरक बहुतेक वेळा खालच्या पायऱ्यांवर उघड होतो. डीएनएवरची पकड थेट मोजायची तर शुद्ध प्रथिन घेऊन जेल-शिफ्ट: प्रथिन बसलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो. प्रथिनाच्या मात्रा १ पासून ५०० नॅनोमोलरपर्यंत पसरवा आणि शेजारी लक्सआरची जागा नसलेला डीएनएचा तुकडा कंट्रोल म्हणून चालवा.

आणि शेवटचा, निर्णायक तपास दोन्ही दिशांनी करायचा असतो. अंधाऱ्या जातीत जनुक त्याच्या मूळ जागी दुरुस्त केलं की उजेड परतला पाहिजे. आणि उजळ मूळ जातीत तोच एक बदल घातला की ती अंधारी झाली पाहिजे. दुसरी दिशा जास्त मोलाची, कारण साठलेल्या इतर बदलांचा प्रश्नच तिथे मिटतो. आधी सांगितलेल्या जोडीच्या सापळ्यामुळे नुसत्या प्लाझमिडवर विसंबू नका. निदान बिघडलेलं जनुक आधी काढून टाका. डीएनए आत न्यायला ई. कोलायमार्फत संयुग्मन (एका पेशीने दुसरीला थेट डीएनए देणं) वापरा. कायटिनवर (कवचातल्या पदार्थावर) होणारं नैसर्गिक डीएनए-ग्रहण कॉलऱ्याच्या जंतूत हॅपआरवरच अवलंबून असतं, त्यामुळे याच घराण्याचं प्रथिन बिघडलेल्या जातीत त्या वाटेवर भरवसा नको. मिठाचे दोन त्रास आधीच माहीत असू द्या: खाऱ्या माध्यमात कॅनामायसिनची धार कमी होते, म्हणून मात्रा आपल्याच जातीवर आधी तपासून ठरवावी लागते, आणि सुक्रोजवर चालणारी, नको असलेल्या पेशी मारणारी सॅकबी जनुकाची निवड मिठात नीट चालत नाही, त्या टप्प्यापुरतं मीठ जंतू सहन करेल तितकं खाली आणावं लागतं. जनुक बदललेल्या जातीसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. १९८९ चे नियम त्यासाठीच आहेत. वापरलेलं सगळं १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय सिंकमध्ये जाऊ देऊ नका. आपल्याकडे सिंकचं पाणी खाडीत पोचायला फार वेळ लागत नाही.

अंधाऱ्या कॉलन्या मुळात का आल्या, हेही तुम्ही विचारलं नसलंत तरी सांगायला हवं. प्लेटवर आयतं अन्न मिळतं; उजेड, प्रोटिएज, सगळा सामूहिक खर्च तिथे वाया जातो. तो खर्च न करणारी पेशी किंचित वेगाने वाढते आणि प्रत्येक उतरवणीत तिचा वाटा फुगतो. स्यूडोमोनासमध्ये लासआर बिघडलेल्या जाती फुप्फुसाच्या जुनाट संसर्गातून वारंवार मिळतात. म्हणून चमकणारी जात हाती आली त्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना अनेक कुप्या ठेवा आणि प्रत्येक प्रयोग नव्या कुपीतून सुरू करा. पावसाळ्यात दिवस-दिवस वीज जाते तेव्हा एक संच दुसऱ्या इमारतीत किंवा गोठवून सुकवलेल्या स्वरूपात असावा. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या कुपीतून आलेल्या जातीवर उत्परिवर्तनाचा अभ्यास करू नये.

आता तळ्याचा प्रश्न. किनाऱ्यावर रात्री लाट फुटताना जी निळी चमक दिसते ती बहुतेक वेळा नॉक्टिल्यूका या एकपेशीय प्लवकाची, जंतूंची नाही. ती हलवल्यावर लखलखते, जंतूंचा उजेड सलग असतो. त्यामुळे तळ्यातला उजेड हा मुळातच कच्चा निकष आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्वोरम सेन्सिंग सगळी शस्त्रं एकाच दिशेने फिरवत नाही. हार्वेईत तिसऱ्या प्रकारची स्राव यंत्रणा, म्हणजे यजमानाच्या पेशीत प्रथिनं टोचणारी सुई, दाट गर्दीत दाबली जाते. लक्सआर गेलं की हा दाब सुटतो. दुसरीकडे प्रोटिएजसारखे काही घटक घटतात. कॉलऱ्याच्या जंतूतही हॅपआर रोगकारक जनुकांना आवर घालतं. तेव्हा अंधारी जात कमी घातक, तितकीच घातक की वेगळ्या प्रकारे घातक, हे तिच्या इतर जनुकांवर, कोळंबीच्या वयावर आणि पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून राहील. शिवाय लवकर मरतुकीच्या रोगाला कारण असलेली पिरए आणि पिरबी ही विषाची जनुकं प्लाझमिडवर असतात, उजेडाशी त्यांचा संबंध नाही. दोन्ही जातींत त्यांची पीसीआर करून घ्या. त्यापुढचं उत्तर वेगळ्या टाक्यांत, सारख्याच मात्रेने, दोन्ही जाती आणि नुसतं पाणी अशी तुलना केल्यावरच मिळेल. तोवर तळेवाल्यांना क्षारता, तळाचा गाळ आणि खाद्याची मात्रा यांवरची नजर ढिली करू नका असंच सांगा. पावसाच्या पहिल्या सरींनंतर खाडीची क्षारता झपाट्याने पडते तेव्हा तर नक्कीच.

प्रबंधात आज एवढंच लिहिता येईल: ‘अंधाऱ्या जातीच्या लक्सआरमध्ये, डीएनए धरणाऱ्या भागात, डेटाबेसमधल्या जातीपेक्षा वेगळं एक अमिनो आम्ल आढळलं, मूळ उजळ जातीशी तुलना आणि कार्याची तपासणी बाकी आहे.’ मूळ उजळ कॉलनीचा क्रम हाती आला की कोणत्या क्रमांकावर कोणतं अमिनो आम्ल जाऊन कोणतं आलं, आणि २५ अंशांना कॉलनी कशी दिसली, ही दोन उत्तरं कळवा. पुढे वेस्टर्न ब्लॉट आधी करायचा की जेल-शिफ्ट, ते त्यावरून ठरवता येईल.